सांधण दरी आणि करोलीचा घाट

दिव्याच्या माणसाला पायी चालण्याचे महत्त्व कोणी सांगू नये. तो रोज चालतोच. घरापासून रेल्वेच्या पुलापर्यंत चालतो, पूल चढतो, पूल उतरतो, आणि मग गाडीच्या दारात उभा राहून ठाण्यापर्यंत आपले दोन्ही पाय शाबूत आहेत की नाहीत याची मनातल्या मनात चौकशी करीत जातो. मध्य रेल्वेवर मुंब्र्याच्या पुढचे आणि कोपरच्या अलीकडचे हे आमचे स्थानक. येथून एक फाटा वसईकडे जातो, दुसरा पनवेलकडे. फाटे इतके, पण पाय टाकावयास मोकळी अशी एक वाट गावात शोधून सापडावयाची नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या गावावरूनच पडली असावी, असा एक कोटीबाज सिद्धांत आमच्या चाळीतले एक गृहस्थ दर दिवाळीला मांडीत असतात.

परंतु या स्थानकाचा एक गुण मला नेहमी मोह पाडतो. पावसाळा सरून आभाळ धुऊन निघाले, की फलाटावरून पूर्वेला मलंगगडाची रांग स्वच्छ दिसू लागते. तिच्याकडे पाहिले की आपण गर्दीत उभे आहोत याचा घडीभर विसर पडतो. त्या डोंगरांच्याही पलीकडे, ईशान्येला, सह्याद्रीची खरी भिंत आहे. ती येथून दिसत नाही. पण कल्याणला गाडी बदलून कसाऱ्याच्या गाडीत बसले, की खर्डी मागे पडता पडता ती हळूहळू आभाळात उभी राहू लागते.

मी मराठीचा अध्यापक. डोंगर हा माझा विषय नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या, पोट किंचित पुढे आलेल्या माणसाने कड्यांच्या गोष्टी कराव्यात हे थोडे विनोदीच. तरी गेल्या काही वर्षांत हिवाळा आला, की मी चार विद्यार्थी आणि एक झोळी घेऊन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची वाट धरतो. त्या वाटांविषयी, आणि त्या वाटांवर मला भेटलेल्या शब्दांविषयी, आज वाचकांशी दोन गोष्टी बोलावयाच्या आहेत.

प्रथम भूगोल. हे अभयारण्य अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. १९८६ साली ते घोषित झाले. क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तर टोकाला कळसूबाई, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, १४२४ मीटर. आणि मधोमध भंडारदऱ्याचे पाणी, रतनगड, घाटघर, साम्रद. पश्चिमेची कड म्हणजे घाटमाथ्याची धार. तिच्यावर उभे राहून खाली पाहिले, की दिसते ते आपल्या ठाणे जिल्ह्याचे शहापूर आणि मुरबाड. म्हणजे त्या कड्यावरून टाकलेला दगड ठाणे जिल्ह्यात पडतो. टाकू नये, हे निराळे सांगावयास नको.

येथल्या पायवाटांची मोठी गंमत ही, की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. कळसूबाईची वाट बारी गावातून निघते. ती सरळ, प्रामाणिक आणि दमवणारी आहे. अवघड जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत आणि वर देवीचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या अनवाणी तेथे जाऊन येतात, आणि आपण नवे बूट घालून मध्येच धापा टाकीत बसलेलो असतो. रतनगडाची वाट रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापासून जंगलात शिरते. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. गडाच्या माथ्याला आरपार भोक आहे. त्याला 'नेढे' म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखे म्हणून. त्यात बसले म्हणजे वारा असा येतो, की टोपी सांभाळावी की स्वतःला, हा प्रश्न पडतो. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून सोपी वाट आहे, खिरेश्वराहून तोलार खिंडीची लांब वाट आहे, आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीची वाट आहे. ती मात्र पट्टीच्या गिर्यारोहकांसाठी. गडावरच्या केदारेश्वराच्या लेण्यात चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि शिवलिंगाभोवती कंबरभर गार पाणी. आम्हा मराठीच्या लोकांना त्या गडाविषयी अधिक आपुलकी, कारण चौदाव्या शतकात चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ तेथे बसून रचला असे मानतात. कोकणकड्याच्या काठावर उभे राहिले, की ग्रंथ लिहावयास इतकी एकांताची जागा का निवडली असेल, हे कोणाला विचारावे लागत नाही.

पण मला आज सांगावयाची आहे ती सांधण दरी.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौदा विद्यार्थी, भूगोलाचे एक प्राध्यापक आणि मी, असे सोळा जण निघालो. पहाटेच्या गाडीने कल्याण, तेथून कसारा, आणि कसाऱ्याहून जीपने घोटी, बारी, शेंडी, घाटघर असे करीत दुपारी साम्रदला पोहोचलो. वाटेत भंडारदऱ्याचे धरण लागते. १९२६ साली ते पुरे झाले. पुढे जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. साम्रद हे महादेव कोळी समाजाचे गाव. मुक्काम एका शेतकऱ्याच्या पडवीत. रात्री नाचणीची भाकरी, पिठले आणि इंद्रायणीचा भात. थंडी अशी, की भूगोलाच्या प्राध्यापकांनी रात्रभर अंशांचा उच्चार केला नाही.

सकाळी वाटाड्याबरोबर निघालो. वाटाड्या गावचाच, विशी-बाविशीचा तरुण. झाडीतून थोडे उतरलो आणि एकाएकी जमीन फाटल्यासारखी दिसली. सांधण दरी ती हीच. काळ्या पाषाणाला पडलेली ही एक प्रचंड भेग. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा खडक. त्यात चीर पडली आणि मग हजारो पावसाळ्यांनी ती चीर कोरून कोरून रुंद केली. भूगोलाच्या प्राध्यापकांनी हे इतक्या थोडक्यात सांगितले, की विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. ही घळ सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. भिंती दोन-अडीचशे फूट उंच. काही ठिकाणी रुंदी इतकी थोडी, की मध्ये उभे राहून हात पसरले तर दोन्ही कडांना बोटे लागावीत. तळाशी धोंड्यांचा खच पडलेला. कोणताही धोंडा दुसऱ्यासारखा नाही आणि कोणताही पायाच्या सोयीचा नाही. सूर्य येथे डोक्यावर येतो तेव्हा तळाला घडीभर उजेड मिळतो. एरवी दिवसभर सावली.

वाटेत दोन ठिकाणी पाणी लागते. पहिले सोपे. दुसऱ्या ठिकाणी ते कमरेच्या वर येते आणि डिसेंबरात ते किती गार असते याचे वर्णन मी करीत नाही. फक्त इतकेच सांगतो, की आमच्यातल्या सर्वांत धीट विद्यार्थ्याने त्या पाण्यात आईला हाक मारली. पिशव्या डोक्यावर घेऊन, एकमेकांचे हात धरून आम्ही पलीकडे गेलो. पुढे दरी रुंदावते आणि शेवटी कडा तुटतो. तेथून पुढे दोर लावून उतरावे लागते. एकाखाली एक असे तीन टप्पे. ते ज्यांना येते त्यांनी, जाणत्या माणसाबरोबर आणि चांगल्या साधनांनिशीच करावे. आम्ही त्या काठावर बसून समोरचा आजोबाचा डोंगर पाहिला, भाकरी खाल्ली आणि आल्या वाटेने परत फिरलो. पावसाळ्यात या घळीत कोणी उतरू नये. वर कोठे तरी पाऊस पडतो आणि खाली निमुळत्या नळीत पाणी भिंतीसारखे येते. तेथून पळावयास जागा नाही.

आता त्या सहलीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट.

आमच्या त्या चौदा जणांत एक मुलगी होती. माहेर म्हणावे तर डोळखांबकडचे एक खेडे. शिक्षणासाठी दिव्याला मामाकडे राहते. वर्गात ती क्वचित बोलते. एकदा तोंडी परीक्षेत तिने 'व्हता' म्हटले तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली होती, आणि तेव्हापासून ती प्रश्नांची उत्तरे लिहून देणे पसंत करी. साम्रदला उतरल्यापासून मात्र ही मुलगी आमची दुभाषी झाली. वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, ह्या दांडावरनं जाऊ, मग पदरात उतरू." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तिने सांगितले: डोंगरापासून सरळ खाली उतरणारी धार म्हणजे दांड, तीच बोथट आणि लांब असली तर सोंड, आणि कड्याच्या मध्यावर जी झाडीने भरलेली सपाट पट्टी असते ती पदर. डोंगरालाही पदर असतो, आणि तो रानाचा असतो, ही गोष्ट आमच्या शहरी विद्यार्थ्यांना त्या दिवशी कळली. मग वही निघाली. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी चढण. खिंड म्हणजे धारेतली खाच. घळ, ओहळ, कुंड, टाके, कातळ, माची, राई, देवराई. निसणी म्हणजे बांबूची किंवा लाकडाची शिडी, कड्याला टेकवून ठेवलेली. राब म्हणजे भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन. संध्याकाळपर्यंत वहीत त्रेचाळीस शब्द जमले. त्यांतले निम्म्याहून अधिक मला माहीत होते ते पुस्तकांतून; तिला माहीत होते ते पायांतून.

सांधण या शब्दाचेच पाहा. सांधा, सांधणे, सांधण: जोडण्याचे शब्द. जेथे डोंगर फाटला आहे त्या जागेला लोकांनी नाव दिले ते सांधण्याचे. दोन कड्यांच्या सांध्यातली जागा, असा त्याचा अर्थ मी लावतो. अलीकडे या दरीला सावल्यांची दरी अशा अर्थाचे एक इंग्रजी नाव मिळाले आहे आणि समाजमाध्यमांवर तेच अधिक चालते. नाव वाईट नाही. पण ते पाहणाऱ्याचे नाव आहे. सांधण हे वापरणाऱ्याचे नाव आहे. पाहणारा सावली पाहून घरी जातो. वापरणाऱ्याला मात्र कोणता डोंगर कोणत्या डोंगराला कोठे लागतो हे माहीत असावे लागते, नाही तर गुरे हरवतात.

त्या रात्री पडवीत घरच्या आजी येऊन बसल्या. वय सत्तरीच्या पुढचे. मी विचारले, पूर्वी खाली कोकणात कसे जात असत? त्या म्हणाल्या, "करोलीनं. डोईवर तांदळाचं गठुळं घ्यायचं अन् कोंबडं आरवायच्या आधी निघायचं. डेहण्याला उतरून मीठ, सुकट घ्यायची, अन् दुसऱ्या दिशी माघारी." मी म्हटले, आता कोणी जाते का? त्या हसल्या. "तुमच्यासारखी पोरं जात्यात की. आमची आता गाडीनं जात्यात. पण मास्तर, वाट चालती राहिली तरच वाट. न्हाई तर चार पावसाळ्यांत रान तिला गिळून टाकतं."

तिसऱ्या दिवशी त्याच करोली घाटाने आम्ही खाली उतरलो. उतार कडक आहे. दगडांच्या पायऱ्या कोठे कोठे शिल्लक आहेत, कोठे मुरुमावरून घसरत जावे लागते. कारवीची दाट झाडी दोन्ही अंगांना. ही कारवी सात वर्षे गप्प राहून आठव्या वर्षी एकदम फुलते आणि मग सगळा डोंगर जांभळा करून टाकते. हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी. वरच्या फांद्यांत शेकरूचे घरटे दिसले. शेकरू दिसले नाही. उतरताना मनात सारखे येत होते, की ही वाट आजची नाही.

सातवाहनांच्या काळापासून कल्याण हे बंदर. ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात त्याचे नाव येते. त्या बंदरातला माल घाटावर चढत असे तो अशाच वाटांनी. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध वाट नाणेघाट. तेथल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि बाहेर दगडी रांजण. पण एक नाणेघाट प्रसिद्ध झाला म्हणून बाकीचे घाट रिकामे नव्हते. चोंढ्या, साधले, करोली, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन गावे आणि त्या गावांत सोयरिकी. मग १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८५४ ला ती कल्याणला आली आणि १८६५ ला थळघाट चढून इगतपुरीला पोहोचली. त्या दिवसापासून पाऊलवाटांच्या उतरणीला आरंभ झाला. आगगाडीने कोणाचे वाईट केले असे मी म्हणत नाही. मी दिव्याचा, मला तो अधिकारच नाही. पण जे रुळांवर गेले त्याची वेळापत्रके राहिली आणि जे पायांवर राहिले त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

याच डोंगरांतला एक माणूस ठाण्याच्या इतिहासात आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. सावकारी आणि इंग्रजी अंमल यांच्याविरुद्ध त्यांनी महादेव कोळ्यांना उभे केले. ज्या वाटा इंग्रजांच्या पलटणींना सापडत नव्हत्या त्या त्यांच्या माणसांना तोंडपाठ होत्या. २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ठाण्यात त्या तुरुंगावरून रोज हजारो माणसे जातात. करोलीच्या उतारावर मला त्यांची आठवण झाली, कारण वाटा माहीत असणे हे त्या काळी केवढे सामर्थ्य होते, ते त्या उतारावर पायांनाच कळते.

आणि आजही घाटावरून कोकणात माल उतरतोच; फक्त तो माल म्हणजे पाणी. घाटघरला २००८ साली २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी वाढली, की वरच्या तलावातले पाणी डोंगराच्या पोटातून खाली शहापूर तालुक्यातल्या तलावात सोडतात. मागणी उतरली, की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवितात. साम्रदच्या आजी तांदूळ घेऊन उतरत आणि मीठ घेऊन चढत. त्यांची जागा आता पाण्याने घेतली आहे, आणि ते दमत नाही.

माणसांनी सोडलेल्या वाटा जनावरांनी मात्र सोडलेल्या नाहीत. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासप्रकल्पातला हा बिबट्या. वयामुळे त्याचे नाव पडले 'आजोबा'. हे आजोबा चालू लागले. महिन्याभराच्या आत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून, कसाऱ्यापाशी रेल्वेमार्ग ओलांडून, खाडीचे पाणी पोहून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोहोचले. वाटेत त्यांनी कोणाला इजा केली नाही आणि कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही. १ डिसेंबर २०११ ला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाची धडक बसून ते गेले. पुढे २०१४ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. माळशेजपासून मुंबईपर्यंतचे रान अजून धाग्याधाग्याने का होईना जोडलेले आहे, हे त्या बिबट्याने आपल्या पायांनी दाखवून दिले. रान सांधलेले होते. तुटले होते ते रस्त्यावर.

आता थोडे गर्दीविषयी. या विषयावर बोलण्याचा अधिकार दिव्याच्या माणसाइतका दुसऱ्या कोणाला नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. त्या वळणावरून आम्ही रोज जातो. चिंचोळ्या जागेत मावणार नाहीत इतकी माणसे शिरली म्हणजे काय होते, हे आम्हाला पुस्तकात वाचावे लागत नाही. आणि तरी शनिवार-रविवारी आम्हीच गाड्या भरभरून त्या घळीत जातो. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सांधणीच्या दुसऱ्या पाण्यापाशी रांग लागते, आणि रांगेत कोणी ध्वनिक्षेपक लावतो, कोणी बाटली धोंड्यांच्या फटीत टाकतो. ती बाटली पावसाळ्यात खाली डेहण्याच्या शेतात निघते. पावसाळ्यापूर्वी भंडारदऱ्याकडे झाडांवर काजवे लखलखतात. लक्षावधी काजवे एका लयीत विझतात आणि पेटतात. ते पाहावयास जाणाऱ्या मोटारींचे दिवे इतके, की काजव्यांना आपला उजेड एकमेकांस दिसेनासा होतो; आणि तो उजेड तर त्यांनी जोडीदाराला हाक मारण्यासाठीच लावलेला असतो.

म्हणून कोणी जाऊच नये काय? मी तसे म्हणणार नाही. साम्रदच्या आजींचे बोलणे माझ्या ध्यानात आहे. वाट चालली नाही तर ती नाहीशी होते, आणि वाटेबरोबर तिचे शब्दही. शिवाय आमचा वाटाड्या, पडवीचा मालक, भाकऱ्या थापणाऱ्या बाया, या सर्वांच्या हिवाळ्यातल्या चार पैशांचा आधार आता ही चालणारी माणसेच आहेत. पूर्वी हाच तरुण लग्नसराई संपली की जुन्नर-नारायणगावकडे मजुरीला गेला असता. तो म्हणाला, "गुरुजी, यंदा मी गेलो न्हाई." हे वाक्य मी कोणत्याही वादात विसरू शकत नाही. प्रश्न जावे की न जावे हा नाही. कसे जावे हा आहे. रविवार सोडून जावे. थोड्यांनी जावे. गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. आणि मराठीच्या मास्तराची एक जादा विनंती: नावे विचारावीत. हा दगड काय म्हणवतो, ही चढण काय म्हणवते, या झाडाचे फळ कोणत्या महिन्यात पिकते.

याच तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आहेत. त्यांनी गावठी बियाणे घरात जपले. वालाचे, भाताचे, भाज्यांचे. जे वाण बाजारात मिळेनासे झाले होते ते त्यांच्या मडक्यांत सापडले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यात झाकलेले बी पेरले नाही तर मरते, हे त्या शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतात. शब्दांचे काही वेगळे नाही. कोशात ते झाकून राहतात. रुजतात ते तोंडातून तोंडात जाताना.

डेहण्याला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. वर पाहिले तर आजोबाचा डोंगर माथ्यावर आलेला. लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणत आणि वाल्मीकींचा आश्रम या डोंगरात होता, म्हणून हे नाव, असे तेथले लोक सांगतात. एस.टी. यावयास अवकाश होता. त्या मुलीने बसथांब्यावर बसून वहीतले त्रेचाळीस शब्द क्रमाने लावले आणि प्रत्येकापुढे तो कोणाकडून ऐकला ते लिहिले: वाटाड्या, आजी, स्वतः. पुढे फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या चर्चासत्रात तिने त्यावर निबंध वाचला. वाचताना 'व्हता' दोनदा आले. मागच्या बाकावरून कोणी हसले नाही. एकाने हात वर करून विचारले, की दांड आणि सोंड यांत नेमका फरक काय. तिने फळ्यावर जाऊन एक डोंगर काढला.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत, आणि साम्रदच्या आजींनी सांगून ठेवले आहे, की पाण्याच्या वाटांची नावे अजून विचारलीच नाहीत.